अख्खा पेपर ठेवा

बदलीची ऑर्डर आली की आमच्या घरात काळ्या ट्रंका बाहेर निघतात. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नाव, हुद्दा आणि नंबर. त्यातली अकरा नंबरची ट्रंक बदनाम आहे. दिसायला इतरांसारखीच, पण उचलायला चार माणसे लागतात. गेल्या बदलीच्या वेळी ट्रक भरणाऱ्या एका जवानाने कपाळावरचा घाम पुसत विचारले, "साहब, इसमें क्या है? ॲम्युनिशन?"

मी म्हटले, "अखबार."

"पढ़ने वाले?"

"पढ़े हुए."

तो पुढे काही बोलला नाही. पण बायकोने संधी सोडली नाही. "जगात सगळे लोक रद्दी देऊन पैसे घेतात. आमचे साहेब पैसे देऊन रद्दी घेतात."

खरे आहे. गेली वीस-बावीस वर्षे जिथे जिथे पोस्टिंग झाले, तिथून मी जुने पेपर गोळा करत आलो. कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवरून, दिल्लीत दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारातून, पुण्याच्या रद्दीच्या दुकानांतून. सुरुवात हौसेने झाली. आता मात्र या छंदाबद्दल माझे एक ठाम मत बनले आहे आणि आज ते मांडायचे आहे. विशेषतः निवृत्त फौजी वाचकांसमोर, कारण वेळ थोडा आहे.

मत असे : आपल्यापैकी बहुतेक जण जुना पेपर चुकीच्या कारणासाठी ठेवतात, आणि चुकीच्या पद्धतीने ठेवतात. मीही तेच केले.

१९९९ च्या उन्हाळ्यात मी खडकवासल्याच्या प्रबोधिनीचा कॅडेट होतो आणि टर्म संपल्यामुळे सुट्टीवर घरी आलो होतो. कारगिल पेटले होते. रोज सकाळी पेपर आला की वडिलांच्या आधी मी तो ताब्यात घ्यायचो. त्यात कधी कधी असे चेहरे दिसायचे, ज्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी आम्हाला फ्रंटरोल मारायला लावले होते. मी कात्री घेऊन फोटो कापायचो, मथळे कापायचो आणि डिंकाने एका दोनशे पानी वहीत चिकटवायचो. उरलेला पेपर रद्दीत.

ती वही अजून माझ्याकडे आहे. डिंकाचे तपकिरी डाग फोटोंवर उमटले आहेत. कात्रणांवर तारखा नाहीत, कारण तारीख पानाच्या वरच्या कोपऱ्यात असते आणि मी ती कापून टाकली होती. कुठला पेपर, कुठले पान, काही कळत नाही. ज्यांच्या आठवणीसाठी हे केले, त्यांची आठवण मीच अर्धी कापून रद्दीत दिली. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक कोलकात्यात झाली. नवा नवा कॅप्टन होतो. फुटपाथवरच्या एका विक्रेत्याने १५ ऑगस्ट १९४७ चा इंग्रजी पेपर दाखवला. हात थरथरले. त्या काळच्या माझ्या पगाराच्या मानाने बरीच मोठी रक्कम दिली आणि विजयी वीरासारखा मेसमध्ये आलो. तिथे एक जुने मेजर साहेब होते. त्यांनी पान दिव्याखाली तिरके धरले, पाठीमागून बोट फिरवले आणि हसले. "बच्चा, ये तो तेरी उमर का है."

त्या काळी पेपर शिशाच्या खिळ्यांनी छापले जात. खिळा कागदावर दाबला जातो. पान तिरक्या उजेडात धरले की तो दाब दिसतो, कधी पाठीवर बोटालाही जाणवतो. माझ्या हातातले पान काचेसारखे सपाट होते. ऑफसेटवर छापलेली प्रतिकृती. अनेक वृत्तपत्रे आपल्या किंवा देशाच्या वर्धापनदिनी अशा प्रतिकृती स्वतःच काढतात, त्यात गैर काही नाही. त्या चहाच्या पाण्यात बुडवून जुन्या म्हणून विकणे हे गैर. खरा जुना पेपर कडांना जास्त काळवंडतो, मध्ये कमी, कारण हवा आणि उजेड कडांवर आधी हल्ला करतात. सगळीकडे सारखा पिवळा दिसला तर हात आखडता घ्यावा.

त्याच गल्ल्यांत मला आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली. एकाने १८३० च्या दशकातले एक पान दाखवले. आमच्या 'दर्पण'च्या काळातले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला तो सुरू केला. हे पान बंगालमधल्या एका इंग्रजी पत्राचे होते, पण जवळजवळ पांढरे आणि कापडासारखे चिवट! त्याच्या शेजारी ठेवलेला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला पेपर मात्र हात लावला की पापडासारखा मोडत होता. कारण सोपे आहे. पूर्वी कागद चिंध्यांपासून बनत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाऊ लागली. त्या लगद्यात लिग्निन असते, उजेडात ते पिवळे पडते आणि कागदातले आम्ल त्याला आतून खाते. म्हणजे तुमच्या आजोबांच्या आजोबांचा पेपर टिकेल, पण तुमच्या वडिलांचा पेपर तुमच्या डोळ्यांदेखत भुगा होईल. १९६२, १९६५, १९७१ : आपल्या सगळ्या लढाया या मरू घातलेल्या कागदावर छापलेल्या आहेत.

आता मूळ मुद्दा. पेपर ठेवायचा कशासाठी?

बहुतेक संग्राहकांना मोठा मथळा हवा असतो. स्वातंत्र्य मिळाले, गांधीजींची हत्या झाली, ढाका पडले. असा मथळा फ्रेम करून भिंतीवर लावता येतो. पण त्या मथळ्यातून नवीन काय कळते? १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात नियाझींनी जनरल अरोरांसमोर सही केली आणि सुमारे ९३ हजार जण युद्धकैदी झाले, हे शाळेच्या पुस्तकातही आहे. जुन्या पेपरचे खरे मोल नेमके उलटे आहे. त्या दिवशी लोकांना काय माहीत नव्हते, हे फक्त त्या दिवशीचा पेपर सांगतो.

माझ्याकडे २० नोव्हेंबर १९६२ चा एक पेपर आहे. दर्यागंजला मिळाला, बाजार त्या फुटपाथवरून हलण्याच्या आधी. पहिल्या पानावर पूर्वेच्या आघाडीची वाईट बातमी आहे, सेला आणि बोमडिलाची. संरक्षण निधीसाठी आवाहन आहे. चुशूलकडे हल्ला झाल्याचा ओझरता उल्लेख आहे. बस्स.

पुढे माझे पोस्टिंग लडाखला झाले, तेव्हा या पानाची झेरॉक्स मी सोबत नेली होती. चुशूलला रेझांग लाच्या स्मारकासमोर उभे राहून ती उघडली. १८ नोव्हेंबर १९६२ च्या पहाटे, १६ हजार फुटांहून अधिक उंचीवर, १३ कुमाऊँच्या चार्ली कंपनीचे सुमारे १२० जवान मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढले. त्यातले शंभराहून अधिक तिथेच राहिले. दोन दिवसांनंतरच्या माझ्या पेपरमध्ये रेझांग ला हे नावसुद्धा नाही. कसे असणार? जे काही थोडे परत आले, त्यांच्या सांगण्यावर सुरुवातीला विश्वास ठेवायलाही लोक तयार नव्हते. १९६३ च्या सुरुवातीला, हिवाळा ओसरताना, त्या खिंडीत बर्फात गोठलेले जवान सापडले. आपापल्या मोर्चात, हातात हत्यार. तेव्हा देशाला कळले.

त्या पानावर एका जागी कापडाच्या गिरणीची जाहिरात आहे, दुसऱ्या जागी सिनेमांची. ज्या सकाळी मुंबईचा माणूस चहा पिता पिता हे पान उलटत होता, त्या सकाळी शंभरावर माणसे त्या डोंगरावर बर्फाखाली होती आणि त्याला ते माहीत नव्हते. त्याचा दोष नव्हता. रेवाडीकडच्या गावांत त्या जवानांच्या आईबापांनाही ठाऊक नव्हते. पुस्तकात वाचताना आपल्याला शेवट आधीच माहीत असतो. पेपर वाचताना नसतो. आणि शेवट माहीत नसताना माणूस कसा जगतो हे समजायचे असेल, तर फौजी माणसाला यापेक्षा चांगला धडा नाही. आम्ही रोज तसेच जगतो.

म्हणूनच मी म्हणतो, अख्खा पेपर ठेवा. कात्रण नको, फक्त पहिले पान नको. सगळी पाने, जाहिराती, बाजारभाव, नाटकांच्या वेळा, हरवले-सापडले, सगळे.

एक उदाहरण. सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांकडे मी माझा १७ डिसेंबर १९७१ चा मराठी पेपर घेऊन गेलो होतो. १९७१ ला ते पूर्वेच्या आघाडीवर होते. मला वाटले, मथळा पाहून डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी मथळ्याकडे एकदा पाहिले, "हां, हे झालं," म्हणाले आणि पान उलटले. चष्मा पुसला आणि आतले बाजारभाव वाचू लागले. ज्वारी, गूळ, शेंग.

"काय शोधताय, आबा?"

"गुळाचा भाव. त्या वर्षी म्हाताऱ्यानं गूळ ठेवून दिला होता. म्हणायचा, पोरगं परत आलं की विकीन आणि जेवणावळ घालीन. कितीला गेला असता ते बघतोय."

मग ते तासभर बोलले. नदी कशी ओलांडली, कोण कुठे पडला, कुणाची चिठ्ठी कुणाच्या खिशात राहिली. ढाक्याच्या मथळ्याने जे दार उघडले नाही, ते गुळाच्या भावाने उघडले. मी जर फक्त पहिले पान जपले असते, तर तो तास मला मिळाला नसता.

आणखी एक उदाहरण मला स्वतःला बरेच दिवस छळत होते. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीत ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान शेवटच्या माणसापर्यंत लढले. हे मला प्रबोधिनीत शिकवले. १४ सप्टेंबर १८९७ रोजी मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांना राजद्रोहासाठी १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. हे मला शाळेत शिकवले. मध्ये फक्त एक दिवस. पण एक गोष्ट रेजिमेंटच्या इतिहासात, दुसरी स्वातंत्र्याच्या इतिहासात, त्यामुळे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या आहेत हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उजाडली. एकच सरकार एकीकडे हिंदी शिपायांच्या शौर्याचा गौरव करत होते आणि दुसरीकडे हिंदी संपादकाला तुरुंगात धाडत होते. त्या काळच्या वाचकाने हे शेजारी शेजारी वाचले असणार. आपण ते वेगळ्या कप्प्यांत ठेवले, म्हणून आपल्याला ते सोपे वाटते. त्या आठवड्याचा एकही पेपर माझ्याकडे नाही. मिळाला तर माझ्या दृष्टीने तो १९४७ च्या पेपरहून मोठा.

आता माझ्याविरुद्ध जे बोलले जाते ते.

पहिला आक्षेप : आता सगळे स्कॅन झालेले आहे, मग कागदाचे ओझे कशाला? मोठ्या इंग्रजी दैनिकांच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या पेपरचे काय? आठवड्यातून एकदा निघणाऱ्या, तालुक्याच्या गावात छापल्या जाणाऱ्या पत्रांचे काय? जवानाचे पार्थिव गावी आले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा कोण उभे होते, शाळेला सुट्टी दिली का, चितेला अग्नी कुणी दिला, हे मुंबई-दिल्लीच्या पेपरमध्ये सापडत नाही. ते जिल्ह्याच्या पेपरात असते, आणि तोच सगळ्यात आधी रद्दीत जातो. शिवाय फिल्म किंवा स्कॅन झाले म्हणून मूळ प्रती मोडीत काढणे यात धोका आहेच. अमेरिकेत ग्रंथालयांनी मायक्रोफिल्म काढून मूळ पेपर कसे फेकून दिले, यावर निकल्सन बेकर या लेखकाने २००१ मध्ये 'डबल फोल्ड' हे पुस्तक लिहिले. फिल्मवरचे पान अंधुक निघाले, तर परत पाहायला मूळच उरत नाही. स्कॅन जरूर करा. स्कॅन ही मूळ प्रतीची सोबत आहे, बदली नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, कारण तो खरा आहे : तुमच्यासारख्या संग्राहकांमुळेच जुने पेपर नष्ट होतात.

काही वर्षांपूर्वी मी युद्धकाळातला एक पेपर विकत घेतला. घरी आणून पाहिले तर डाव्या कडेला ओळीने शिवणीची भोके. कोपऱ्यात एका ग्रंथालयाचा शिक्का, अर्धवट खरवडलेला. म्हणजे हे पान कुठल्या तरी बांधीव फाइलीतून उसवलेले होते. सहा महिन्यांचे पेपर एकत्र बांधलेली ती फाइल कुणीतरी फोडली. मोठ्या मथळ्याची चार-पाच पाने विकली आणि उरलेल्या दीडशे-पावणेदोनशे साध्या दिवसांचे बहुधा पुडे बांधले गेले. चौकशी केली तेव्हा कळले की चोरीही नव्हती. जागा नाही म्हणून संस्थेनेच फाइली वजनावर काढल्या होत्या. मग दोष कुणाचा? संस्थेचा, विक्रेत्याचा की माझा? मी फार विचार केला. शेवटी उत्तर असे आले की मथळ्याला पैसे देणारा मी नसतो, तर ती फाइल फोडण्यात कुणाचा फायदा नव्हता. त्या दिवसापासून कडेला भोके असलेले सुटे पान मी घेत नाही, कितीही मोह झाला तरी. आणि बांधीव फाइल विकायला आलेली दिसली, तर ती अख्खी घेऊ शकेल अशी एखादी संस्था शोधतो. हा नियम सगळ्या संग्राहकांनी पाळावा असे माझे मत आहे.

ठेवायचे कसे, तेही थोडक्यात. लॅमिनेशन नको, ते उलट होत नाही. सेलोटेप तर अजिबात नको, तिचा गोंद कागदात शिरतो. भिंतीवर फ्रेम करायची असेल तर रंगीत झेरॉक्सची करा, मूळ पान अंधारात राहू द्या. पान शक्यतो घडी न घालता सपाट ठेवा, आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये, जमिनीपासून वर. एका पेपरचे आम्ल शेजारच्या फोटोला आणि पत्रालाही लागते, म्हणून सगळे एकत्र कोंबू नका. पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. ईशान्येच्या एका पोस्टिंगमध्ये एका पावसाळ्यात माझ्या सात पेपरांवर बुरशी चढली, कारण चार महिने मी ट्रंक उघडली नव्हती. फौजेत हत्यार रोज साफ करायला शिकवतात. कागदाला निदान वर्षातून दोनदा हवा दाखवायला काय हरकत आहे?

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने खरी गोष्ट. निवृत्त बंधूंनो, ही तुमच्यासाठी आहे.

१९७१ ला जो विशीत होता तो आज सत्तरी ओलांडून गेला आहे. १९६२ चे थोडेच राहिले आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेच्या तळाशी अस्तर म्हणून घातलेला का होईना, त्या दिवसांतला एखादा पेपर असेल. तो काढा. आणि त्याच्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने, कारण शाई पसरते. त्या चिठ्ठीवर एवढेच लिहा : हा पेपर निघाला त्या दिवशी मी कुठे होतो, माझ्यासोबत कोण होते आणि यात काय छापलेले नाही.

लेख नको, भाषा चांगली नसली तरी चालेल. गोपनीय असे काही लिहू नका, ते तुम्हाला मी सांगायला नको. चार ओळी पुरेत. पेपर बाजारात विकत मिळेल, ती चिठ्ठी मिळणार नाही. आणि चिठ्ठीशिवाय तो पेपर अर्धाच आहे, माझ्या २० नोव्हेंबरच्या पेपरसारखा. नंतर तो तुमच्या पलटणीच्या संग्रहालयाला द्या, गावच्या वाचनालयाला द्या, नाहीतर नातवाला द्या. फक्त रद्दीवाल्याला देऊ नका.

माझी चिठ्ठी मी लिहिली आहे. त्यासाठी आधी पेपर शोधावा लागला. कात्री लावलेल्या त्या उन्हाळ्यातला एक अख्खा अंक मला पुण्यात एका रद्दीवाल्याकडे मिळाला, ९ जून १९९९ चा. आदल्या दिवशी मँचेस्टरला विश्वचषकात भारताने पाकिस्तानला ४७ धावांनी हरवले होते. वर क्रिकेटचा जल्लोष, खाली कारगिल. मला आठवले, त्या सकाळी मी आणि माझा भाऊ अंगणात नाचलो होतो. त्याच ९ जूनला कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच जवानांचे छिन्नविच्छिन्न मृतदेह पाकिस्तानने आपल्या ताब्यात दिले. ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरमध्ये आले. ९ तारखेच्या पेपरला ते माहीत नव्हते. अंगणातल्या एकोणीस वर्षांच्या कॅडेटलाही नव्हते.

चिठ्ठीवर मी एवढेच लिहिले : मी घरी होतो, सुट्टीवर. आम्ही नाचत होतो. आम्हाला माहीत नव्हते.

पुढची बदली आता दूर नाही. अकरा नंबरची ट्रंक याही वेळी चार माणसे उचलतील, आणि त्यातला कुणीतरी विचारेलच.